टाकीवरचं नाव

१

“ताई, एवढा एक ओरखडा काढून द्या,” असं म्हणत कुणी मोटारसायकल आणली, की मोहिनी आधी त्या माणसाचीच हजेरी घेते. गाडी धुतलीस का? नाही ना? मग तो ओरखडा आहे का चिखलाची रेघ, हे तुला कुणी सांगितलं? आधी पाणी, मग शाम्पू, मग कोरडं मऊ फडकं, आणि त्यानंतर गाडी तिरक्या उन्हात उभी करायची. डोक्यावरच्या उन्हात सगळ्याच गाड्या देखण्या दिसतात. ऊन कलतं झालं की मात्र लपवलेलं सगळं उघडं पडतं. किल्ल्यांच्या जुडग्यानं टाकीवर काढलेल्या रेघा, घाणेरड्या फडक्यानं गोल गोल पुसून पाडलेली जाळी, शेजारच्या गाडीचं हँडल घासलेलं. मग ती बोटाचं नख त्या रेघेवरून आडवं ओढते. नख अडकलं तर ओरखडा रंगात उतरलाय, तिथं पॉलिशचं काम नाही, सरळ पेंटरकडं जायचं. नख अडकलं नाही तर तो रंगावरच्या पारदर्शक थरात, लॅकरमध्येच आहे. कंपाउंडची पेस्ट लावायची, मशीन फिरवायचं, की गेला.

घोडेगावच्या स्टँडपासून डिंभ्याकडं निघालं की रस्त्याच्या कडेला तिची पत्र्याची शेड लागते. नवरा सूरज चाकणला कंपनीत, घरी येणार रविवारी. मंचरच्या एका शोरूममध्ये ती हे काम शिकली आणि इथं येऊन तिनं स्वतःचं मशीन मांडलं, तेव्हा बाईमाणूस गाड्या घासतंय म्हणून गावानं लई हसून घेतलं. आता हसणाऱ्यांच्याच गाड्या शेडबाहेर रांगेत उभ्या असतात आणि ती त्यांना मुद्दाम थांबवते. स्वभावच तसा. तिला कुणी नको म्हणालं, की ती गोष्ट झालीच म्हणून समजा.

निम्मं काम जुन्या गाड्यांचं. पिंपरी पेंढारचा सयाजी हा गाड्यांचा एजंट. इकडून जुनी गाडी उचलायची, मोहिनीकडून चकाचक करून घ्यायची आणि तिकडं विकायची, हा त्याचा धंदा. अशा गाडीवरून सगळ्यात आधी जातं ते नाव. आपल्याकडं गाडी घेतली की टाकीवर पोराचं नाहीतर पोरीचं नाव रेडियममध्ये कापून चिकटवायचं, ही रीतच पडलीय. विकताना ते काढायला लागतं. केस वाळवायच्या मशीननं ऊब द्यायची, नायलॉनचा दोरा खालून सरकवायचा, राहिलेला चिकटा रॉकेलनं पुसायचा. रेडियम निघतं, नाव मात्र निघत नाही. आजूबाजूचा रंग उन्हानं विटलेला असतो आणि अक्षरांखालचा नवाच्या नवा, त्यामुळं नाव तसंच दिसत राहतं. मोहिनी त्याला सावली म्हणते. ती सावली मशीननं घासून घासून बाकीच्या रंगात मिळवावी लागते. अशी कितीतरी नावं तिनं मिटवलीत. वाचत कधी बसली नाही. वाचत बसलं तर हात चालत नाही, असं तिचं म्हणणं.

दिवाळीनंतर सयाजीनं आणलेली एक काळी गाडी तिला आवडली. तिनं नाव काढलं, सावली मिटवली, आणि गाडी परत द्यायच्याऐवजी स्वतःच ठेवून घेतली. संस्कृतीला, तिच्या सहा वर्षांच्या लेकीला, वस्तीवरून घोडेगावच्या शाळेत न्यायला गाडी हवीच होती. शेडच्या शेजारी गेणभाऊचं रेडियमचं दुकान. त्यानं चंदेरी अक्षरांत ‘संस्कृती’ कापून दिलं आणि मोहिनीनं ते टाकीवर लावलं. जुनं नाव जिथं होतं, बरोबर तिथंच. ती जागा घासून चांगली सपाट झाली होती, दुसरीकडं कशाला लावायचं?

२

माघातली सकाळ. घराच्या पडवीत गाडी उभी होती आणि पूर्वेचं ऊन तिच्या मागच्या अंगावर कलतं पडलं होतं. फडकं घेऊन मोहिनी वाकली, तर मागच्या दिव्याजवळ चार रेघा. बारीक, एकमेकींना धरून, थोड्या वाकड्या.

सवयीनं तिनं नख फिरवलं. अडकलं नाही. पुन्हा फिरवलं, या खेपेला डोळे मिटून. सगळं गुळगुळीत. आता तिच्या कपाळावर आठी पडली. एवढा ठळक, रंगापर्यंत उतरलेला पांढरा ओरखडा नखाला लागायलाच हवा. लागत नाही म्हणजे तो लॅकरच्या वर नाही, खाली आहे. म्हणजे आधी कुणीतरी रंगावर ओरबाडलं आणि मग वरून लॅकर मारलं. पण हे पॅनल तिनंच घासलं होतं, असल्याच कलत्या उन्हात तपासलं होतं, आणि तेव्हा तिथं काही नव्हतं.

“मांजर आसंल,” झुंबरबाई म्हणाली. झुंबरबाई म्हणजे मोहिनीची सासू. चुलीपुढून उठायची नाही, पण पडवीत काय चाललंय ते तिला बरोबर कळायचं. “न्हाईतर बिबट्याचं पिल्लू. परवा उसात दिसलं म्हनं.”

“जनावराचं नख लॅकर फाडतं, आत्या. ह्ये फाटलेलं न्हाई.”

“मग तूच घासताना पाडलं आसंल.”

हे मात्र मोहिनीला झोंबलं. त्याच दिवशी शेडमध्ये तिनं कंपाउंड लावून मशीन फिरवलं आणि रेघा गेल्या. लॅकरखालच्या रेघा कंपाउंडनं जायला नको होत्या, पण गेल्या. आपलाच अंदाज चुकला, असं म्हणून तिनं विषय सोडला.

दुसऱ्या सकाळी त्या पुन्हा होत्या. मागच्या दिव्याजवळ नव्हत्या, तिथून वीतभर पुढं, सीटच्या खाली होत्या.

३

तिनं काढल्या, त्या आल्या. पुन्हा काढल्या, पुन्हा आल्या, आणि दर खेपेला थोड्या पुढं. सीटखालून साइड कव्हरवर, तिथून टाकीच्या मागच्या कोपऱ्यावर. एखादं लहान पोर मागून चढून रांगत पुढं यावं, तशा. हे मनात आलं आणि मोहिनीला स्वतःचाच राग आला. गावात जळणारी माणसं थोडी आहेत का? कुणीतरी खोडी काढत असणार. तिनं गाडीला ताडपत्री घातली, दोरीनं आवळली आणि गाठी स्वतःच्या हातानं मारल्या. सकाळी गाठी तशाच होत्या. ताडपत्रीखाली रेघा होत्या.

मग तिनं लेकीला धरलं. “संस्कू, खरं सांग. तू वरबाडतीस का गाडी?”

“न्हाई मम्मी.”

“हात दाखव.”

सोमवारी शाळेत बाई नखं बघतात, त्यामुळं आदल्या दिवशीच कापलेली. बोटांच्या आत गेलेली, गुलाबी. तरी मोहिनीनं पोरीचा पंजा टाकीच्या कोपऱ्यावरच्या त्या रेघांवर ठेवून बघितला. संस्कृतीची बोटं रेघांच्या बाहेर गेली. ज्या हातानं हे केलं तो तिच्या पोरीच्या हातापेक्षा लहान होता. मोहिनीनं पोरीचा हात पटकन उचलला आणि स्वतःच्या ओढणीला पुसला. का पुसला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्या दुपारी शेडमध्ये एकटीच असताना तिनं मशीन बंद केलं. मशीनचा आवाज बंद झाला तरी कानात थोडा वेळ घुमत राहतो. तो विरला, आणि त्याच्या खालून दुसरा आवाज वर आला. खर्र. थांबून पुन्हा खर्र. पत्रा तापला की आवाज करतोच, हे तिला ठाऊक होतं. पण पत्रा टकटक वाजतो. हा आवाज निराळा होता आणि तो तिच्या रोजच्या ओळखीचा होता. चिकटवलेलं रेडियम काढताना माणूस आधी नखानं कोपरा उचकटून बघतो, तेव्हा असाच आवाज येतो.

शेडबाहेर तिची काळी गाडी उन्हात उभी होती. जवळ कुणी नव्हतं. मोहिनी गेली, गुडघ्यावर बसली आणि टाकीकडं बघितलं. ‘संस्कृती’च्या शेवटच्या अक्षराचा कोपरा उचलला होता. अगदी थोडा, कागद शिरेल एवढा. त्याच्याभोवती चार रेघा, आणि त्यांच्यावर चार, आणि पुन्हा चार. कुणीतरी बराच वेळ नेटानं बसून ते नाव काढायला बघत होतं.

तिला भीती वाटली, हे खरं आहे. पण मोहिनीची भीती फार वेळ भीती राहत नाही. तिनं अंगठ्यानं तो कोपरा दाबून बसवला आणि रिकाम्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, “हात लावशील तर बघ.”

४

कालव्याच्या वळणावर कुणीच गाडी पळवत नाही, खड्डेच तसे आहेत. मोहिनी तर टाकीवर पोर असताना सायकलच्या वेगानं जाते. संस्कृती नेहमीसारखी पुढं बसली होती, दोन्ही हातांनी हँडलचा मधला दांडा धरून, पाठीला दप्तर, आणि मोहिनीचे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंनी.

वळण संपलं, गाडी सरळ झाली, आणि पोर डावीकडं सरकली. तोल जाऊन माणूस कलंडतं, तशी नाही. एसटीत सीटवर कुणी दांडगटपणे बूड टेकलं की कडेचा माणूस जसा बाहेर ढकलला जातो, तशी. मोहिनीच्या हातात दप्तराचा पट्टा आला म्हणून बरं. गाडी आडवी झाली, पोर मातीत गुडघ्यावर पडली, आणि कालव्याची कड तिथून हातभर लांब होती.

मोहिनीनं आधी पोरीला पोटाशी धरलं, मग जवळचं पाणी गुडघ्यावर ओतलं. 

“सरकलीस कशी गं? धरलं नव्हतंस व्हय?”

“धरलं व्हतं.”

“मग?”

संस्कृती गुडघ्याकडं बघत हुंदके देत होती. “मी न्हाई सरकले, मम्मी. जागाच नव्हती.”

मोहिनीनं टाकीकडं बघितलं. एवढी गाडी आडवी पडली, पण टाकीला नवा ओरखडा एकसुद्धा नव्हता. नावाच्या बाजूला, जिथं संस्कृतीची मांडी टेकायची, तिथं जुन्याच चार रेघा होत्या.

५

“इकून टाक ती,” झुंबरबाई म्हणाली. तिनं पोरीच्या गुडघ्याला हळद लावली, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि मग सुनेसमोर येऊन बसली. “मी काय अडानी आसंल. पन पोर हाये तर समदं हाये. इकून टाक.”

आणि सासूचं हे म्हणणं मोहिनीला पटलं, हे नवलच. पोर शाळेला एसटीनं जायला लागली. मोहिनी एकटीच गाडी घेऊन पिंपरी पेंढारला निघाली, मंचर, नारायणगाव करत. सगळ्या रस्त्यात काही झालं नाही. गाडी शहाण्यासारखी चालली.

सयाजी हायवेच्या कडेला आपल्या गाड्यांच्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता. त्यानं चहा मागवला, हवापाण्याचं बोलला. मोहिनीला हवापाण्यात रस नव्हता.

“सयाजीभाऊ, ही कुनाची व्हती?”

“येडगावची. धरनाच्या अंगाची.”

“घरात लेकरू व्हतं?”

सयाजीनं मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी बघायला लागला. “ताई, तुला न्हाई ना जमत, ठेव हितं. दुसरी ने, तुला आवडंल ती. मी काय परका हाये का?”

“आन् हिचं काय करनार?”

“जाईल की. गिऱ्हाईक लई.”

“टाकीवर पोर बसवनारं गिऱ्हाईक?”

 मोबाइलवरचं सयाजीचं बोट थांबलं. त्या घरातलं लेकरू आता नाही, हे मोहिनीला त्या थांबण्यातच कळलं. उद्या ही गाडी कुणीतरी नेणार, टाकीवर आपल्या पोराचं नाव लावणार, आणि त्या पोराला कुठल्यातरी वळणावर जागा पुरणार नाही. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

“टाकीवर आधी नाव काय व्हतं, भाऊ?”

“आता ते तुला ठावं,” सयाजी म्हणाला. “काढलं तूच.”

परतीच्या वाटेवर ती ते नाव आठवत होती. रंग आठवला, पिवळं रेडियम होतं. नाव लहान होतं, दोरा एका दमात सरकला होता. रॉकेलचा वास आठवला. अक्षरं आठवत नव्हती. एवढी नावं पुसली आणि आता एकाची गरज पडली तर काही हाताला लागत नव्हतं, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटली. पण गाडी तिनं सयाजीकडं सोडली नाही. घरी येऊन सासूला एवढंच म्हणाली, “दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात मी ही बांधनार न्हाई, आत्या. माझ्या घरात आलीय तर माझ्या घरातच निस्तरनार.”

६

आता तिनं हट्टालाच पेटून काम काढलं. दोन हजार नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर घेतला आणि टाकीचं लॅकर सगळीकडून सारखं केलं, एकेक रेघ मुळापासून. मग कंपाउंड, मग बारीक पॉलिश, मग मऊ फोमचं पॅड. दिवसभर शेडचं दुसरं काम घेतलं नाही. गिऱ्हाइकं आली आणि तिचं तोंड बघून परत गेली. चार रेघा मला हरवणार? एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ऊन कलायच्या सुमारास टाकी अशी झाली की तिच्यात शेडचा पत्रा, पत्र्याची भोकं आणि भोकांतून आलेलं ऊन सगळं दिसत होतं. शोरूममध्येसुद्धा तिनं असं काम केलं नव्हतं. क्षणभर तिला बाकी सगळं विसरून बरं वाटलं.

शाळा सुटून संस्कृती शेडवर आली होती. पलीकडच्या बाजूला उभी राहून बिस्किट खात होती. मोहिनी टाकीसमोर उकिडवी बसली आणि शेवटचं तपासून घ्यावं म्हणून तिनं डोळा टाकीच्या पातळीला आणला. टाकीत पोर दिसली. वाकडी, रुंद, गोल पृष्ठभागात दिसते तशी. आणि तिच्या शेजारी, थोडी खाली, आणखी एक गोल डोकं.

मोहिनी घाबरली नाही. टाकीला बाक असतो, बाकात एकाचं दोन दिसतं, हे कामातलं माणूस जाणतंच. ती स्वतःसुद्धा कितीदा दोनदा दिसते. फक्त खात्री करून घ्यावी म्हणून ती नजर न हलवता म्हणाली, “संस्कू, जरा तिकडं सर. दाराकडं.”

संस्कृती सरली. टाकीतलं एक डोकं तिच्याबरोबर दाराकडं गेलं.

दुसरं जागेवरच राहिलं.

त्याला तोंड होतं का, हे मोहिनीला सांगता येणार नाही. ते तिच्याकडं बघत नव्हतं, एवढं मात्र तिला कळलं. ते खाली बघत होतं, टाकीवरच्या चंदेरी अक्षरांकडं. वाचता येत नसलेलं लेकरू पाटीकडं बघतं, तसं.

मोहिनीनं मान वर केली. गाडीच्या पलीकडं जमीन होती, कंपाउंडचा डबा होता, बिस्किटाचा चुरा होता. “संस्कू, गेणभाऊच्या दुकानात जाऊन बस,” ती म्हणाली.  “मी हाक मारल्याशिवाय यायचं न्हाई.”

७

तिला पळून जाता आलं असतं. कुणीही गेलं असतं, आणि त्यात काही वाईट नव्हतं. मोहिनीनं केस वाळवायचं मशीन सुरू केलं.

ऊब दिली, दोरा सरकवला, आणि पोरीचं नाव टाकीवरून उतरवलं. हळूहळू, एक अक्षर न फाडता. ते तिनं घडी करून कुडत्याच्या आत ठेवलं, काळजाजवळ. मग रॉकेलचा बोळा फिरवला आणि फडक्यानं पुसलं.

खाली सावली होती. तिनं स्वतः मिटवलेली, आता पुन्हा कोऱ्या रंगासारखी ठळक वर आलेली. शिरोरेषा, एक वेलांटी, दोनच अक्षरं.

तिचा हात सवयीनं मशीनकडं गेला. बटणावर बोट टेकलं आणि तिनं ते मागं घेतलं. मग तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. ते नाव वाचलं. सावकाश, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखं. ते कुणाचं ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिनं पुढंही कधी विचारलं नाही. नाव काय होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथंही येणार नाही.

उठून ती गेणभाऊच्या दुकानात गेली. “भाऊ, एक नाव कापा. चंदेरीतच.”

“सांग की.”

“मोहिनी.”

गेणभाऊ हसला. “सवताचं? आगं, पोराबाळांची लावत्यात, देवाधर्माची लावत्यात. बाई सवताचं नाव कशाला लावंल गाडीवर?”

“बाईला राग आलाय म्हनून. कापा.”

ते नाव तिनं त्या सावलीच्या बरोबर खाली लावलं. सावलीला हात लावला नाही. घाईत ‘नी’खाली हवेचा फुगा राहिला, तो तिला दिसला, पण आज तिला फुग्याशी कर्तव्य नव्हतं. दोन्ही हात टाकीवर टेकून ती खाली वाकली.

“माझ्या पोरीचं नाव ओरबाडत व्हतास ना? की व्हतीस, जे काय आसंल ते. घे. आता ह्ये ओरबाड. नखं तुटंस्तवर ओरबाड. मी हितंच हाये, पन तिच्या वाटंला गेलास तर गाठ माझ्याशी हाये.”

दुकानाच्या दारातून गेणभाऊ हे सगळं बघत होता.  त्यानं संस्कृतीला आणखी एक बिस्किट दिलं.

८

सकाळी पडवीत ऊन यायच्या आधीच मोहिनी गाडीसमोर येऊन बसली होती. ऊन आलं. आधी मागच्या दिव्यावर, मग सीटवर, मग टाकीवर. तिनं सगळी गाडी मागून पुढं नजरेनं चाळली. रेघ नव्हती. साइड कव्हरवर नव्हती, टाकीवर नव्हती. ‘मोहिनी’च्या सगळ्या कडा जागच्या जागी होत्या.

मग तिला दिसलं की ‘नी’खालचा फुगा गेलाय. असा फुगा आपोआप जात नाही. तो अंगठ्यानं दाबत दाबत कडेपर्यंत न्यावा लागतो, आणि घाई केली तर रेडियमला सुरकुती पडते. सुरकुती नव्हती. चकचकीत लॅकरवर, तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, बारीक बोटांचे ठसे होते. पुन्हा पुन्हा फिरवलेल्या बोटांचे.

फडकं तिच्या हातात होतं. ती बराच वेळ ते तसंच धरून बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भीती मात्र अजून होती. असू दे, असं ती स्वतःशीच म्हणाली. ठसे न पुसता तिनं फडकं खांद्यावर टाकलं, गाडी अंगणात काढली आणि एकटीच वर बसली.

संस्कृती दप्तर घेऊन ओट्यावर उभी होती. झुंबरबाई दारात तांब्या घेऊन.

“ऐक,” मोहिनी समोर बघत म्हणाली. “टाकी माझ्या पोरीची. तिथं बसायचं न्हाई. तिला धक्का लावायचा न्हाई. यायचंच आसंल तर मागं बस.”

काही झालं नाही. कोंबडी अंगणातून गेली. मग मागचा शॉकअप एकदाच, हळूच खाली बसला. लहान पोर चढल्यावर बसतो, तेवढाच.

झुंबरबाईनं मोहिनीच्या मागं बघितलं. तिच्या हातातला तांब्या कलला, पाणी उंबऱ्यावर सांडलं. मोहिनीनं तिच्याकडं बघून मान हलवली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सासूनं सुनेला नको म्हटलं नाही.

“संस्कू, ये.”

पोर आली, आईच्या पायावर पाय देऊन टाकीवर चढली, हँडलचा दांडा धरला. मोहिनीनं दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंनी घेतले, नेहमीपेक्षा घट्ट.

“जागा हाये का गं?”

“हाये की. लई हाये.”

मोहिनीनं किक मारली. गाडी सुरू झाली.

“धरून बस,” ती म्हणाली. “पुढं खड्डं हायेत.”

“धरलंय की, मम्मी,” संस्कृती पुढून म्हणाली.

आणि मोहिनीच्या कमरेला, कुडत्याच्या कापडातून, चार बारीक नखं रुतली. मोहिनीनं क्लच सोडला.